जमैकातील गृहभेट अभ्यास

जमैकातील गृहभेट अभ्यास हा कॅरिबियन समुद्रातील जमैका या देशाची राजधानी किंग्स्टन येथे १९८६-८७ साली सुरू झालेला बालविकासविषयक दीर्घकालीन अभ्यास आहे. गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर तो करण्यात आला. पूरक आहार आणि घरी जाऊन दिलेले खेळ-संवादाचे मार्गदर्शन या दोन उपायांचा बालकांच्या बौद्धिक विकासावर काय परिणाम होतो, हे त्यात तपासण्यात आले. प्रत्यक्ष उपाययोजना दोन वर्षे चालली. त्यानंतर याच बालकांची शालेय वयात, पौगंडावस्थेत आणि वयाच्या २२ व्या व ३१ व्या वर्षी पुन्हा पाहणी झाली.

आठवड्यातून एकदा, सुमारे तासभराच्या घरभेटीत आई व मूल यांच्यातील खेळ आणि बोलणे वाढवण्यावर भर दिला, तर त्याचा लाभ बालपणीच संपून न जाता प्रौढपणीच्या शिक्षणावर व कमाईवरही दिसतो, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष आहे. दारिद्र्य, घरातील वातावरण आणि प्रारंभिक शिक्षण यांच्या परस्परसंबंधांविषयीच्या लेखनात या अभ्यासाचा वारंवार उल्लेख होतो. मात्र त्याचा नमुना लहान आहे आणि मोठ्या प्रमाणावर राबवताना त्याचे परिणाम तितकेच टिकतात का, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

पार्श्वभूमी

दारिद्र्य आणि घरातील वातावरण

जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ अतिशय वेगाने होते. या काळात बालकाला पुरेसे अन्न आणि आजारांपासून संरक्षण लागते. त्याचबरोबर प्रतिसाद देणाऱ्या मोठ्या माणसाचा सहवासही लागतो. बालकाने आवाज काढला की कुणीतरी उत्तर देणे, त्याने बोट दाखवलेल्या वस्तूचे नाव सांगणे, वस्तू हाताळू देणे, गाणी म्हणणे, चित्रे दाखवणे अशा साध्या व्यवहारांतून भाषा, लक्ष एकाग्र करण्याची क्षमता आणि विचार करण्याची पद्धत घडत जाते. शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी होणाऱ्या या शिक्षणाला प्रारंभिक शिक्षण म्हणतात.

दारिद्र्याचा परिणाम बालकापर्यंत अनेक वाटांनी पोहोचतो. अपुरा व निकस आहार, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि अस्वच्छ पाणी ही त्यांतील उघड दिसणारी कारणे होत. दाटीवाटीची व गोंगाटाची घरे, आईवडिलांचा मजुरीत जाणारा वेळ, पैशांची सततची चिंता, आईमधील नैराश्य आणि घरात पुस्तके वा खेळणी नसणे ही कारणे तितकी चटकन लक्षात येत नाहीत. अर्धपोटी मूल मलूल राहते, आजूबाजूच्या वस्तूंकडे कमी वळते. मूल काही मागत नाही म्हणून मोठी माणसेही त्याच्याशी कमी बोलतात. अशा रीतीने कुपोषण आणि संवादाचा अभाव एकमेकांना बळ देतात.

घरातील वातावरणाची मोजणी करण्यासाठी अमेरिकेतील बेटी कॉल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली यांनी ‘होम’ या नावाने ओळखली जाणारी निरीक्षणसूची विकसित केली. तीन वर्षांखालील बालकांसाठीच्या सूचीत ४५ बाबी असून त्या सहा गटांत विभागल्या आहेत. बालकाला आईकडून मिळणारा प्रतिसाद, शिक्षा टाळून बालकाच्या वागण्याचा स्वीकार, दिनक्रम व परिसराची मांडणी, खेळ-साहित्य, पालकांचा सहभाग आणि अनुभवांतील विविधता हे ते सहा गट होत. निरीक्षक घरी जाऊन, काही बाबी प्रत्यक्ष पाहून व काही आईला विचारून, ही सूची भरतो. एकाच उत्पन्नगटातील दोन घरांचे गुणही यात बरेच वेगळे येऊ शकतात. त्यामुळे कुटुंबाचे उत्पन्न आणि घरातील वातावरण या दोन गोष्टी एकमेकींशी निगडित असल्या तरी एकच नाहीत, हे संशोधकांना दाखवता आले.

जमैकातील आधीचे प्रयोग

ब्रिटिश बालवैद्यकतज्ज्ञ सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनजवळील मोना येथील वेस्ट इंडीज विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन केले. १९७५ साली त्यांनी जमैकातील माता व बालकांसाठी केलेल्या गृहभेटींच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र कुपोषणामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या बालकांवरही त्यांनी असाच उपक्रम राबवला. केवळ उपचार व आहार घेऊन घरी गेलेली बालके विकासात मागेच राहतात; मात्र त्यांच्या घरी नियमित भेटी देऊन खेळ व संवाद वाढवल्यास त्यांची प्रगती लक्षणीय होते, असे या कामातून दिसून आले.

क्रिस्टीन पॉवेल आणि ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८९ साली भेटींच्या वारंवारतेविषयी महत्त्वाचे निष्कर्ष मांडले. महिन्यातून एकदा दिलेल्या भेटीचा बालविकासावर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही, पंधरवड्याच्या भेटीचा परिणाम अल्प होता, तर आठवड्याच्या भेटीचा परिणाम स्पष्ट होता. पुढील अभ्यासात साप्ताहिक भेटींचीच योजना होती.

अभ्यासाची रचना

किंग्स्टनमधील गरीब वस्त्यांत घरोघरी पाहणी करून ९ ते २४ महिने वयाची, वाढ खुंटलेली बालके शोधण्यात आली. वयाच्या मानाने अपेक्षित उंचीपेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी उंची असलेल्या बालकाला खुजे किंवा वाढ खुंटलेले मानले जाते. दीर्घकाळच्या कुपोषणाचे व प्रतिकूल परिस्थितीचे हे लक्षण समजले जाते.

निवडलेल्या १२९ बालकांची वय व लिंग यांचा समतोल राखून, यादृच्छिक पद्धतीने, जवळपास सारख्या आकाराच्या चार गटांत विभागणी करण्यात आली.

पहिल्या गटाला पूरक आहार किंवा उद्दीपन यांपैकी काहीही देण्यात आले नाही. हा नियंत्रण गट होता.

दुसऱ्या गटाला पूरक आहार देण्यात आला. दर आठवड्याला बालकासाठी १ किलो दुग्धजन्य बालआहाराची भुकटी मिळे. बालकाचा वाटा इतरांत वाटला जाऊ नये म्हणून कुटुंबासाठी मक्याचे पीठ व दुधाची भुकटीही दिली जाई.

तिसऱ्या गटाला उद्दीपन, म्हणजे खेळ व संवाद यांवर आधारित साप्ताहिक गृहभेट देण्यात आली.

चौथ्या गटाला पूरक आहार आणि उद्दीपन हे दोन्ही उपाय देण्यात आले.

उपाययोजनेचा कालावधी २४ महिने होता. आजारपणाच्या नोंदी घेण्यासाठी सर्वच गटांतील घरी आठवड्याला भेट दिली जाई आणि सर्व बालकांना मोफत वैद्यकीय सेवा उपलब्ध होती. घरी कुणीतरी येऊन विचारपूस करते एवढ्यानेच फरक पडला, अशी शंका यामुळे बऱ्याच अंशी दूर झाली. त्याच वस्त्यांतील, वाढ न खुंटलेल्या ३२ बालकांचा एक तुलना गटही ठेवण्यात आला. शालेय वयातील पाहणीपासून या तुलना गटात आणखी मुलांची भर घालण्यात आली.

बालकांचा विकास ग्रिफिथ्स मनोविकास मापनश्रेणीने मोजण्यात आला. शारीरिक हालचाल, हात व डोळा यांचा समन्वय, ऐकणे व बोलणे आणि कृती-कौशल्य असे चार विभाग त्यात होते. अभ्यासाचे पहिले प्रमुख निष्कर्ष ग्रँथम-मॅकग्रेगर, पॉवेल, सुसान वॉकर आणि जॉन हाइम्स यांनी १९९१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

गृहभेटीचे स्वरूप

भेटी देणाऱ्या स्त्रिया या सामुदायिक आरोग्य साहाय्यिका होत्या. त्या पदवीधर शिक्षिका किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. बालविकास, खेळणी तयार करणे आणि मातांशी बोलण्याची पद्धत यांविषयी त्यांना प्रशिक्षण देण्यात आले व त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवण्यात आली.

भेट सुमारे एक तासाची असे. साहाय्यिका येताना घरगुती साहित्यातून बनवलेली खेळणी घेऊन येई. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या व त्यांची झाकणे, पुठ्ठा, लाकडी ठोकळे, हाताने काढलेली चित्रपुस्तके अशा साहित्याचा त्यात समावेश असे. खेळ झाल्यावर ही खेळणी आठवडाभर घरीच ठेवली जात आणि पुढच्या भेटीत ती परत घेऊन नवी दिली जात. विकत आणलेल्या खेळण्यांवर उपक्रम अवलंबून नसल्याने खर्च कमी राहिला. आईलाही अशी खेळणी स्वतः करता येतात, हे तिच्या लक्षात आणून देता आले.

उपक्रमाचा रोख थेट बालकाला शिकवण्यावर नव्हता. साहाय्यिका आधी एखादा खेळ करून दाखवी, मग आईला तो बालकाबरोबर करायला सांगे आणि तिच्या प्रयत्नाचे कौतुक करी. बालकाचे लक्ष ज्या वस्तूकडे आहे तिच्याविषयीच बोलावे, त्याच्या आवाजाला व हावभावाला प्रतिसाद द्यावा, जमलेल्या गोष्टीची दाद द्यावी आणि मारणे टाळावे, यांवर भर असे. अंघोळ, जेवण, कपडे धुणे अशी रोजची कामे करतानाही वस्तूंची नावे, रंग, आकार, लहान-मोठे, आत-बाहेर या कल्पना बोलण्यात कशा आणता येतील, हे दाखवले जाई. खेळ सोप्याकडून अवघडाकडे जात आणि प्रत्येक बालकाच्या त्या वेळच्या क्षमतेनुसार निवडले जात.

आईचा आत्मविश्वास वाढवणे हेही उपक्रमाचे उद्दिष्ट होते. घरातील आजी किंवा मोठी भावंडे हजर असल्यास त्यांनाही खेळात घेतले जाई. साहाय्यिकेची भेट आठवड्यात एकच तास असली, तरी उरलेल्या दिवसांत घरातील माणसांनी बालकाशी जे करायचे त्यात बदल व्हावा, ही यामागील अपेक्षा होती.

निष्कर्ष

दोन वर्षांनंतर

उपाययोजनेच्या अखेरीस पूरक आहार मिळालेल्या आणि उद्दीपन मिळालेल्या अशा दोन्ही गटांतील बालकांचा विकास नियंत्रण गटापेक्षा अधिक झाल्याचे आढळले. ज्यांना दोन्ही उपाय मिळाले होते त्यांना दोन्हींचा एकत्रित लाभ झाला आणि ती बालके वाढ न खुंटलेल्या बालकांच्या जवळपास पोहोचली. काहीही न मिळालेली बालके तुलना गटाच्या बरीच मागे राहिली. पूरक आहारामुळे उंचीतही काहीशी वाढ झाली. उद्दीपनाचा उंचीवर परिणाम झाला नाही.

शालेय वय

सात-आठ वर्षांच्या वयात गटांमधील फरक कमी झालेले दिसले. तिन्ही उपाय-गटांची कामगिरी नियंत्रण गटापेक्षा काहीशी चांगली होती, परंतु ती तफावत छोटी होती. अकरा-बारा वर्षांच्या वयातील पाहणीत उद्दीपन मिळालेल्या मुलांना बौद्धिक चाचण्यांत अल्प पण अर्थपूर्ण लाभ कायम असल्याचे आढळले. केवळ पूरक आहाराचा लाभ मात्र या वयात दिसून आला नाही.

पौगंडावस्था

सतरा-अठरा वर्षांच्या वयात उद्दीपन मिळालेल्या तरुणांचा बुद्ध्यंक आणि वाचनक्षमता उद्दीपन न मिळालेल्यांपेक्षा अधिक होती. शाळा अर्धवट सोडण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. याच वयातील मानसिक आरोग्याच्या पाहणीत त्यांच्यात चिंता, नैराश्य व लक्ष विचलित होण्याच्या तक्रारी कमी आणि स्वतःविषयीचा आदर अधिक असल्याचे नोंदवण्यात आले. आरंभी केवळ बौद्धिक विकासासाठी आखलेल्या उपक्रमाचा परिणाम मनःस्वास्थ्यावरही झाला, हा निष्कर्ष संशोधकांचे विशेष लक्ष वेधून गेला.

प्रौढ वय

वयाच्या २२ व्या वर्षी मूळ १२९ पैकी १०५ जणांचा पुन्हा शोध घेता आला. उद्दीपन मिळालेल्यांचा बुद्ध्यंक व शैक्षणिक पातळी अधिक होती. नैराश्याची लक्षणे आणि हिंसक वर्तनातील सहभाग कमी होता. त्यांच्या कमाईविषयीचे निष्कर्ष पॉल गर्टलर, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिकविजेते जेम्स हेकमन, सुसान वॉकर, ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. आहाराचा दीर्घकालीन परिणाम आढळला नसल्याने उद्दीपन मिळालेल्या दोन गटांची एकत्रित तुलना उरलेल्या दोन गटांशी करण्यात आली. उद्दीपनामुळे सरासरी कमाई सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे त्यातून दिसले. वाढ न खुंटलेल्या तुलना गटाच्या कमाईशी त्यांनी बरोबरी साधली होती.

वयाच्या ३१ व्या वर्षीच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार उद्दीपन मिळालेल्यांची ताशी मजुरी ४३ टक्क्यांनी आणि एकूण कमाई ३७ टक्क्यांनी अधिक होती.

परिणाम टिकण्याची कारणे

दोन वर्षांच्या साप्ताहिक भेटींचा परिणाम पुढे इतकी वर्षे कसा टिकला, याविषयी काही स्पष्टीकरणे दिली जातात. उपाययोजनेच्या अखेरीस ‘होम’ सूचीवर उद्दीपन गटातील घरांचे गुण वाढलेले होते. मात्र मुले सात वर्षांची झाली तेव्हा घरांमधील हा फरक उरला नव्हता. यावरून घरातील बदल कायमचा नसला, तरी मेंदूच्या वेगवान वाढीच्या काळात तो घडला हे महत्त्वाचे ठरले असावे, असे मानले जाते.

दुसरे स्पष्टीकरण साखळीसारखे आहे. लवकर बोलू लागलेले व लक्ष देऊन ऐकणारे मूल शाळेत अधिक सहज सामावते; त्याला समजते आहे असे दिसल्याने शिक्षक व पालक त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवतात; ते शाळेत अधिक काळ टिकते आणि त्यातून कामाच्या संधी वाढतात. प्रत्येक टप्प्यावरचा फरक छोटा असला, तरी पुढचा टप्पा मागच्यावर उभा राहतो.

तिसरे स्पष्टीकरण आईच्या मनःस्थितीशी निगडित आहे. हेलन बेकर-हेनिंगम आणि सहकाऱ्यांनी जमैकातील पोषण केंद्रांत येणाऱ्या कुपोषित बालकांच्या मातांवर केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक वर्षाच्या गृहभेटींनंतर मातांमधील नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे आढळले. त्या भेटींचा मुख्य विषय बालकाचा विकास हाच होता.

आहाराविषयीचा वाद

पूरक आहाराचा लाभ पुढे दिसला नाही यावरून आहाराला महत्त्व नाही, असा अर्थ काही वेळा काढला जातो. हा अर्थ योग्य नाही. जमैकातील बालकांना आहार मिळू लागला तेव्हा ती ९ ते २४ महिन्यांची होती आणि त्यांची वाढ आधीच खुंटलेली होती. शिवाय काळजी घेऊनही बालकासाठी दिलेले अन्न घरातील इतरांत वाटले जाण्याची शक्यता राहते.

ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात झालेल्या पोषणप्रयोगाचे निष्कर्ष याबाबत वेगळे आहेत. तेथे दोन खेड्यांत ‘अतोले’ हे प्रथिनयुक्त पेय आणि दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ हे प्रथिने नसलेले पेय देण्यात आले. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत अतोले मिळालेल्या मुलग्यांची प्रौढपणीची ताशी मजुरी सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसून आले. स्त्रियांच्या मजुरीत असा फरक आढळला नाही. त्यामुळे आहार केव्हा सुरू होतो यावर त्याचा परिणाम बराचसा अवलंबून असतो, असे समजले जाते. जमैकातील अभ्यासाने आहाराचे महत्त्व नाकारलेले नाही. केवळ आहार देऊन बौद्धिक विकासातील तूट भरून निघेलच असे नाही, हे दाखवले.

मर्यादा आणि टीका

अभ्यासातील बालकांची संख्या कमी होती. चार गटांत विभागणी झाल्यावर प्रत्येक गटात ३०-३३ बालकेच होती. लहान नमुन्यात योगायोगाचा प्रभाव अधिक असू शकतो, म्हणून कमाईतील वाढीची टक्केवारी काटेकोर न मानता दिशा दाखवणारी मानावी, असे म्हटले जाते. प्रौढ वयापर्यंत काही जण संपर्काबाहेर गेले. उद्दीपन मिळालेल्यांपैकी परदेशी स्थलांतर करणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते आणि परदेशातील मजुरी जमैकापेक्षा जास्त असते. त्यामुळे कमाईतील वाढीचा काही भाग स्थलांतरातून आलेला असू शकतो. संशोधकांनी या शक्यतेचा विश्लेषणात विचार केला आहे.

अभ्यास एकाच शहरातील, वाढ खुंटलेल्या बालकांपुरता होता. कुपोषित नसलेल्या गरीब बालकांवर किंवा वेगळ्या संस्कृतीतील कुटुंबांवर असाच परिणाम होईल, हे त्यावरून गृहीत धरता येत नाही.

घरातील वातावरणावर भर देणाऱ्या संशोधनावर एक व्यापक आक्षेपही घेतला जातो. अमेरिकेतील बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी कॅन्सस शहरातील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून १९९५ साली असे मांडले की, गरीब घरांतील मुलांच्या कानांवर चार वर्षांच्या वयापर्यंत सुस्थित घरांतील मुलांपेक्षा सुमारे ३ कोटी शब्द कमी पडतात. हा आकडा पुढे फार गाजला. नंतरच्या काही संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतले. मुलाशी थेट बोलणाऱ्या आईचेच शब्द मोजले आणि आजी, भावंडे, शेजारी यांचे बोलणे वगळले, तर मोठ्या कुटुंबांचे चित्र अपुरे उमटते, असा त्यांचा मुद्दा होता. ‘होम’ सूचीतील काही बाबींवरही अशीच टीका होते. पुस्तके व खेळणी यांची संख्या मोजताना गोष्टी सांगणे, गाणी म्हणणे किंवा भावंडांनी मुलाला खेळवणे यांना कमी महत्त्व मिळते.

दारिद्र्याचे मूळ वेतन, निवारा, आरोग्यसेवा व सामाजिक विषमता यांत असताना दोष आईच्या वागण्यात शोधला जातो, असाही आक्षेप आहे. जमैकातील उपक्रमाने कुटुंबांचे दारिद्र्य दूर केले नव्हते. तो त्याचा हेतूही नव्हता. आईजवळ काय नाही याची यादी न करता तिच्याजवळ जे आहे त्यावर उपक्रम उभा करणे, हे त्याच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. तथापि गृहभेटी हा वेतनवाढीला वा निवाऱ्याला पर्याय ठरत नाही, याविषयी अभ्यासकांत सामान्यतः एकमत आहे.

विस्तार

अन्य देश

या अभ्यासातील खेळांचा क्रम व प्रशिक्षणसाहित्य यांवरून पुढे ‘रीच अप’ हा कार्यक्रम तयार करण्यात आला आणि तो विविध देशांत वापरला गेला. बांगलादेशात जेना हमदानी व सहकाऱ्यांनी या पद्धतीवर आधारित अनेक प्रयोग केले. पेरूमध्ये ‘कुना मास’ या राष्ट्रीय कार्यक्रमात गृहभेटींचा समावेश झाला. चीनमधील गान्सू प्रांतातील हुआची तालुक्यातही या नमुन्यावर आधारित कार्यक्रम राबवण्यात आला. अँटिग्वा, जमैका व सेंट लुसिया येथे घरभेटींऐवजी लसीकरणासाठी आलेल्या मातांना दवाखान्यातच चित्रफिती दाखवून खेळांची माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि त्यातूनही बालकांच्या बौद्धिक विकासात काही लाभ दिसला.

कोलंबियातील प्रयोग विशेष महत्त्वाचा मानला जातो. तेथे ९६ नगरपालिकांतील १,४२० बालकांचा समावेश होता. सरकारी अर्थसाहाय्य योजनेशी जोडलेल्या स्थानिक स्त्रियांनी १८ महिने घरभेटी दिल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बालकांच्या बौद्धिक विकासात व भाषा समजण्यात सुधारणा झाली. सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या पुरवठ्याचा परिणाम मात्र आढळला नाही. कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी केलेल्या पाहणीत गृहभेटींचा लाभ उरलेला नव्हता. जमैकातही शालेय वयात फरक बराच कमी झाला होता आणि पुढे तो पुन्हा ठळक झाला. त्यामुळे कोलंबियातील लाभ कायमचा नाहीसा झाला की नाही, हे लगेच ठरवता येत नाही. तरीही मोठ्या प्रमाणावर राबवताना देखरेख व प्रशिक्षण यांचा दर्जा राखणे कठीण जाते, ही बाब या प्रयोगातून पुढे आली.

भारत

भारतात या पद्धतीचे प्रयोग प्रामुख्याने ओडिशात झाले. कटक येथील ५४ झोपडपट्ट्यांतील ४२१ बालकांच्या घरी १८ महिने साप्ताहिक भेटी देण्यात आल्या आणि त्यांच्या बौद्धिक विकासात सुधारणा आढळली. त्यानंतर ‘प्रथम’ या संस्थेच्या सहभागाने ग्रामीण ओडिशातील १९२ खेड्यांत मोठा प्रयोग करण्यात आला. त्यात एका गटाला गृहभेटी दिल्या गेल्या, तर दुसऱ्या गटात माता व बालकांना एकत्र बोलावून सत्रे घेण्यात आली. दोन्ही पद्धतींचे परिणाम जवळपास सारखे होते आणि सामूहिक सत्रांचा खर्च बराच कमी होता. अंगणवाडीसारख्या यंत्रणेच्या दृष्टीने हा निष्कर्ष उपयुक्त मानला जातो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व अनौपचारिक शिक्षण या तिच्या सेवा होत. यांतील शाळापूर्व शिक्षण ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांखालील बालकांपर्यंत ही योजना मुख्यतः आहार व आरोग्यसेवा यांच्या रूपाने पोहोचत आली. जमैकातील अभ्यासात ज्या वयात व ज्या उपायाचा परिणाम टिकाऊ ठरला, नेमक्या त्याच ठिकाणी ही उणीव राहिली. केंद्र सरकारने २०२४ साली जन्म ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी ‘नवचेतना’ हा प्रारंभिक उद्दीपनाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यात अंगणवाडी सेविकांच्या गृहभेटींना व घरी करता येण्याजोग्या कृतींना स्थान देण्यात आले आहे.

‘अंगणवाडी’ या कल्पनेची मुळे महाराष्ट्रात आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे हलवण्यात आले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई व अनुताई वाघ यांनी पाड्यावर जाऊन घरांपुढील अंगणातच मुलांना खेळवण्यास व शिकवण्यास सुरुवात केली. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. जमैकातील अभ्यासाच्या कितीतरी आधी सुरू झालेल्या या कामात मूल जेथे राहते तेथे जाणे आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवणे ही दोन्ही तत्त्वे आढळतात. फरक असा की कोसबाडचे काम अंगणातील मुलांच्या गटाभोवती उभे होते, तर जमैकातील कामाच्या केंद्रस्थानी घरातील आई व तिचे तान्हे मूल होते.

महत्त्व

ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार विकसनशील देशांतील पाच वर्षांखालील २० कोटींहून अधिक बालके आपल्या विकासाच्या क्षमतेपर्यंत पोहोचत नव्हती. २०१६ सालच्या सुधारित अंदाजात अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील अशा बालकांची संख्या सुमारे २५ कोटी, म्हणजे ४३ टक्के, असल्याचे सांगण्यात आले. हे अंदाज वाढ खुंटणे आणि अतिदारिद्र्य या दोन निकषांवर आधारलेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रातील ३५.२ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती.

बालकाची उंची व वजन मोजता येते, त्यामुळे शासकीय नोंदींत त्यांना स्थान मिळते. घरात मुलाशी किती व कसे बोलले जाते, याची नोंद सहसा कोठेच होत नाही. जमैकातील अभ्यासाने या न मोजल्या जाणाऱ्या बाबीचे मोल तीन दशकांच्या पाहणीतून दाखवून दिले. फार शिक्षण नसलेली पण नीट प्रशिक्षित स्त्री, टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि नियमित साप्ताहिक भेट एवढ्या साधनांवर हा उपक्रम चालला. भेटी विरळ केल्या की परिणाम ओसरतो, हेही त्याच देशातील आधीच्या प्रयोगाने दाखवले होते. त्यामुळे अशा कार्यक्रमांचे यश साहित्याच्या किमतीपेक्षा भेटींच्या नियमितपणावर आणि भेट देणारीला मिळणाऱ्या प्रशिक्षणावर व पाठबळावर अधिक अवलंबून असते.